चोर बाटली

आपलं लक्ष हरवलंय हे भिंगकाकांना कळलं, ते इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी.

सकाळी ते दोन पिशव्या घेऊन घरातून निघाले होते. एकीत ओला कचरा, दुसरीत इस्त्रीचे कपडे. कोपऱ्यावर कचऱ्याचा डबा आणि त्याच्या पुढच्या गाळ्यात इस्त्रीचं दुकान. एका फेरीत दोन कामं. यात चुकण्यासारखं काही नाही, आणि नेमकं जिथे चुकण्यासारखं काही नसतं तिथेच माणूस चुकतो. काकांनी एक पिशवी डब्यात टाकली, हात झटकले, दुसरी इस्त्रीवाल्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "संध्याकाळी घेऊन जाईन. कॉलर जरा कडक कर."

इस्त्रीवाल्याने पिशवी उघडली, आत पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. सभ्य माणूस. गिऱ्हाइकाला एकदम तोंडावर काही बोलायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम.

"करतो की," तो म्हणाला. "फक्त या कांद्याच्या सालींना कॉलर कुठल्या बाजूला असते, तेवढं सांगा."

काका धावत डब्यापाशी पोचले तेव्हा डबा रिकामा होता. कचऱ्याची गाडी एरवी फोन करकरून येत नाही, ती त्या दिवशी वेळेवर येऊन गेली होती. चांगले शर्ट सगळे गेले. उरला अंगावरचा एक, आणि जावयाने प्रेमाने दिलेला, पोपटी रंगाचा, पोटावर ताणला जाणारा दुसरा. यापुढे या गोष्टीत काका जिथे जातील तिथे ते पोपटी शर्टात आहेत असं समजावं. पुन्हा पुन्हा सांगणार नाही. त्यांनाच वाईट वाटतं.

चूक कुणाच्या हातून होत नाही? पण काकांचं दुखणं वेगळं होतं. लक्ष देणं हाच त्यांचा धंदा होता. बाटल्यांच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी एका उजळलेल्या पांढऱ्या पडद्यासमोर बसून काढली. पट्ट्यावरून बाटल्या सरकत जायच्या, मागून प्रकाश पडायचा, आणि तडा गेलेली, बुडबुडा राहिलेली, मान वाकडी झालेली बाटली आली की काकांचा हात जाऊन ती उचलायचा. डोळ्यात तेल घालून बघणं हे बाकीचे लोक बोलण्यापुरतं बोलतात. काकांनी त्यावर पेन्शन मिळवली. कारखान्यात त्यांना 'भिंग' म्हणायचे. इमारतीत त्याचं भिंगकाका झालं. अशा माणसाने कांद्याच्या साली इस्त्रीला टाकाव्यात, म्हणजे पोहायला शिकवणाऱ्या मास्तराने बादलीत बुडावं.

काकू जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. त्या असताना हे झालं नसतं. तेव्हा काका फार सावध असायचे म्हणून नव्हे. काका दाराशी पोचले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "ती नव्हे, डाव्या हातातली टाका." काकू मान वर करून बघायच्यासुद्धा नाहीत. काका मनात म्हणायचे, काय ही सवय, माणसाला सुखाने दाराबाहेर पडू देत नाही. सगळ्या संसारात त्यांचा असा समज होता की लक्ष आपलं आणि टोकणं तिचं. आता टोकणं थांबलं, आणि लक्षही त्याच्याबरोबरच निघून गेलं, असं दिसत होतं.

बातमी मुलीपर्यंत पोचायला दुपार झाली नाही. खालच्या मजल्यावर पोस्टमास्तर राहतात. पोस्टातून निवृत्त झाले, पण पोचवण्याचं काम त्यांनी सोडलेलं नाही.

"बाबा, कांद्याच्या सालींचं खरं आहे का?" मुलीचा फोन.

"कुणी सांगितलं?"

"खरं आहे का?"

"सालींपुरतं खरं आहे. बाकी वाढवून सांगितलं असेल."

"परवा किल्ली बाहेरून कुलपातच राहिली होती. त्याच्या आधी दूध जळलं."

"दूध सगळ्यांचंच जळतं."

"बाबा, पातेलंसुद्धा जळलं. पातेलं सगळ्यांचं जळत नाही."

काकांनी काळं पातेलं पायाने ओट्याखाली सरकवलं.

"हे बघा," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज दमलेला होता, "मी महिनाअखेरीला येते. काही दिवस राहते, बघते. तुमचं तुम्हाला जमत असेल तर उत्तम. नसेल तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं. मला इथे ऑफिसात बसून सारखं वाटतं, तुमचा गॅस चालू आहे."

मुलगी चांगली. जावई चांगला, शर्ट सोडला तर. पण काकांना जायचं नव्हतं. या घरात काकूंनी जे जिथे ठेवलं होतं ते तिथेच होतं. दुसऱ्या घरात सामान नेता येतं, 'तिथेच' नेता येत नाही. हे त्यांनी मुलीला सांगितलं नाही. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात आणि समोर सांगता येत नाहीत.

आता महिनाअखेरीपर्यंत लक्ष परत आणणं भाग होतं.

हरवलेली छत्री शोधायला कुणी येत नाही, पण हरवलेलं लक्ष शोधायला अख्खी इमारत येते. कुणी म्हणालं रोज थंड पाण्याने डोकं धुवा. कुणी म्हणालं डाव्या हाताने जेवा, मेंदूची दुसरी बाजू जागी होते. काकांनी एक दिवस डाव्या हाताने जेवून पाहिलं. मेंदूचं माहीत नाही, पण पोपटी शर्ट धुवावा लागला. पोस्टमास्तरांनी रुमालाच्या गाठीचा उपाय दिला. जे काम लक्षात ठेवायचं त्याची एक गाठ. संध्याकाळपर्यंत काकांच्या रुमालाचा लाडू झाला. कुठली गाठ कशाची ते आठवेना, आणि शिंक आली तेव्हा रुमाल उघडेना.

शेवटी वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक खाली आले. ते कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात, त्यामुळे ते बोलायला लागले की ऐकणारा आपोआप वही शोधतो.

"काका, असं समजा की कपाळाच्या मागे एक साहेब बसतो," प्राध्यापक म्हणाले. "ठरवणं, आवरणं, 'हे नको, ते कर' म्हणणं हे त्याचं खातं. पण त्याची ताकद थोडी. झोप नसली, मनावर ओझं असलं की तो लवकर दमतो. आणि खाली, आत खोलवर, एक जुना कारकून आहे. त्याला विचार करता येत नाही. पण जे काम हजार वेळा झालंय ते तो न बघता उरकतो. साहेब खुर्चीत नसला की कारकूनच सह्या ठोकतो. तुमच्या हाताने पिशवी टाकली ती कारकुनाने. त्याचं म्हणणं एवढंच, डबा आला, पिशवी टाका. कुठली, ते बघणं साहेबाचं काम."

"मग माझा साहेब गेला कुठे?"

प्राध्यापक उठून दाराकडे वळले. "रजेवर असेल. परत येतो, काका. बहुतेक."

हा 'बहुतेक' काकांना आवडला नाही. कारखान्यात 'बहुतेक चांगली' अशी बाटली नसते. प्राध्यापक जिना चढून गेले आणि लगेच परत आले. "माझी किल्ली इथे राहिली का?" किल्ली त्यांच्या हातात होती. काकांनी ती दाखवली, पण त्यात आनंद मानला नाही. बुडणाऱ्याने दुसऱ्या बुडणाऱ्याकडे बघून किती धीर धरायचा?

मुलीला दाखवायला डॉक्टरांचा दाखला असलेला बरा, म्हणून काका मोठ्या दवाखान्यात गेले. तिथे या दुखण्याचा वेगळा विभाग आहे. खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी न बघता विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"कुणी नाही. मी एकटाच."

"एकटं चालत नाही. घरातलं माणूस लागतं. तुम्हाला रोज बघणारं."

"तसं माणूस असतं तर मी इथे आलोच नसतो."

"अहो, तुम्ही काय काय विसरता हे कुणीतरी सांगायला नको का?"

"मी सांगतो ना."

"तुमचं कसं धरायचं? तुम्ही विसरता."

"मग मी विसरत नाही असं धरा, आणि दाखला द्या."

"तसं सांगायलासुद्धा घरातलं माणूस लागतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. बहुधा शर्टाकडे. मग त्यांना दया आली असावी. "बसा. क्रमांक पुकारला की या. डॉक्टरांना विचारून बघा."

काका बसले. समोरची फरशी तडकलेली होती. एक तडा भिंतीपासून निघून खांबाला वळसा घालत गेला होता, दुसरा केसासारखा बारीक, फक्त तिरक्या उजेडात दिसणारा. असा तडा शोधणं म्हणजे गंमत नव्हे. काका एकेक फरशी तपासत दरवाजापर्यंत गेले. सगळी खोली तपासून झाली तेव्हा खिडकी बंद झाली होती आणि त्यांचा क्रमांक केव्हाच पुकारून झाला होता. लक्ष होतं, म्हणजे. भरपूर होतं. फक्त जिथे हवं तिथे नव्हतं. लक्ष तपासायच्या खोलीत लक्ष देऊन बसल्यामुळे परत पाठवलेला माणूस त्या दवाखान्याने आधी पाहिला नसेल.

पाय ओढत घरी येताना त्यांना चोर बाटली आठवली.

कारखान्यात खरी भीती खराब बाटल्यांची नसते, चांगल्या बाटल्यांची असते. दिवसभर चांगल्याच बाटल्या सरकत राहिल्या की डोळे उघडे राहतात आणि माणूस आत झोपतो. मग तडा गेलेली अगदी समोरून जाते आणि दिसत नाही. म्हणून सुपरवायझर अधूनमधून मुद्दाम एक खराब बाटली पट्ट्यावर सोडायचा. तिच्या तळाला बारीक खूण असायची. ती चोर बाटली. ती कधी येईल सांगता येत नाही, म्हणून माणूस जागा राहायचा. काकांच्या हातून चोर बाटली कधी सुटली नव्हती.

घराचंही तेच झालं होतं. रोज तीच भांडी, तीच खुर्ची, तीच भिंत. सगळ्या चांगल्या बाटल्या. झोप लागणारच.

पण स्वतःची चोर बाटली स्वतः सोडता येत नाही. काका खालच्या मजल्यावर गेले. पोस्टमास्तरांच्या बायकोला ते वहिनी म्हणतात. काकूंची आणि त्यांची मैत्री होती. काकांच्या घराची जादा किल्ली अजून वहिनींकडेच असते.

"वहिनी, एक विनंती आहे. मी फिरायला गेलो की रोज माझ्या घरात एक चूक करून ठेवायची."

वहिनी पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. "चूक? कसली चूक, भावजी?"

"कसलीही. मिठाची बरणी टीव्हीवर ठेवा. उशी उलटी करा. मी येऊन शोधतो आणि तुम्हाला सांगतो."

"आणि नाही सापडली तर?"

"तर मला सांगायचं नाही. शोधत राहीन."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हसायचं की नाही हे त्यांना ठरवता येत नसावं. मग म्हणाल्या, "बरं. पण जेवून जा."

पहिल्या दिवशी मिठाची बरणी खरंच टीव्हीवर होती. एवढी सोपी, की काकांना अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी पायपुसणं पालथं. तिसऱ्या दिवशी कॅलेंडरचं पान पुढच्या महिन्यावर. काका दारातून आत येताच नाक वर करून उभे राहायचे, नजर डावीकडून उजवीकडे पट्ट्यासारखी फिरवायचे, आणि हात जाऊन नेमकी चूक उचलायचा. साहेब रजेवरून परतला असं वाटू लागलं. आठवडाभर दूध जळलं नाही.

एकच तक्रार होती. रोज सकाळी चहा घेऊन ते पेपर उघडायचे, तर त्यातलं आतलं पान नसायचं. शोधलं की ते खिडकीपाशी असलेल्या खुर्चीवर सापडायचं, नीट घडी घातलेलं. पहिल्यांदा त्यांनी कौतुक केलं. पण रोज? एकच चोर बाटली पुन्हा पुन्हा सोडणारा सुपरवायझर म्हणजे आळशी सुपरवायझर.

"वहिनी, आतलं पान तुम्हीच पळवता ना?" त्यांनी जिन्यात विचारलं.

"पान?"

"पेपरचं. खिडकीतल्या खुर्चीवर ठेवता ते."

वहिनींच्या हातातली भाजीची पिशवी या हातातून त्या हातात गेली. "हो," त्या म्हणाल्या. "मीच."

"रोज तेच? काहीतरी नवीन करा की."

"बघते हां," वहिनी म्हणाल्या आणि पदर सावरत घाईने आत गेल्या. पण नवीन काही झालं नाही. पान दुसऱ्या दिवशीही खुर्चीवर होतं. कधी येऊन जातात कळतसुद्धा नाही, काका मनात म्हणाले. पाऊल फार हलकं आहे वहिनींचं.

इथवर ठीक होतं. पण या इमारतीत दोघांत ठरलेली गोष्ट दोघांत राहत नाही. पोस्टमास्तरांना बायको रोज वर कशाला जाते हा प्रश्न पडला, उत्तर मिळालं, आणि त्यांना हुरूप आला. सरकारी नोकरीत आयुष्यभर चुका टाळण्यात गेलं, मुद्दाम करायची संधी पहिल्यांदाच आली. त्यांनी काकांची एक चप्पल फ्रीजमध्ये ठेवली. प्राध्यापकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, ही पद्धत शास्त्रशुद्ध नाही, आणि घड्याळ पुढे करून गेले. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला की शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात लावून जायचा आणि काका काय म्हणतात म्हणून दाराबाहेर रेंगाळायचा. कुणी कुणाला विचारून करत नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, आपली एकच तर आहे.

घरात आता चांगली बाटलीच उरली नाही. काका सकाळी उठून तपासणीला लागायचे ते दुपारी दमून बसायचे. साबण साखरेच्या डब्यात का, हे शोधताना भात करपायचा. करपलेल्या भाताकडे धावताना दार उघडं राहायचं. माणसाजवळ लक्ष असतं ते बादलीभर. खोट्या चुकांवर ओतलं की खऱ्यांसाठी उरत नाही. हे त्यांना प्राध्यापकांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर उपकार झाले असते, पण आधी ते घड्याळ पुढे करण्यात गुंतले होते. काकांना आता झोपेतही पट्टा सरकताना दिसायचा. त्यांना आठवलं, कारखान्यात थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलायचे. इथे बदली माणूस नव्हता.

मुलगी यायचा दिवस उजाडला. शनिवार. सकाळी काकांनी स्वयंपाकघरातला नळ उघडला, तर पाणी गेलेलं. पाणी नाही तर नाही, म्हणून ते फिरायला निघून गेले. नळ तसाच राहिला. खाली बेसिनमध्ये पातेलं होतं, पातेल्याखाली भोक बुजवून बसलेलं फडकं. थोड्या वेळाने पाणी आलं.

प्राध्यापक जिना उतरत होते. काकांच्या दाराखालून पाणी बाहेर येत होतं. ते थांबले. वहिनी फारच पुढे गेल्या, त्यांना वाटलं. पण चालू चाचणीत मध्ये पडणं बरं नव्हे. त्यांनी पॅन्ट वर धरली, पाणी ओलांडलं आणि कॉलेजला गेले. इस्त्रीवाला शर्ट घेऊन आला, त्याने पाणी बघितलं, शर्ट दाराच्या कडीला अडकवला, आणि काकांना यश मिळो असं मनात म्हणून उतरला. खाली पोस्टमास्तर आपल्या स्वयंपाकघरात चहा गाळत होते. कपात वरून एक थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं. छतावर मोठा ओला डाग पसरत होता. "हा प्राध्यापक!" ते एकटेच ओरडले. "शिकलेली माणसं! प्रयोग यांचे आणि छत आमचं!" वर जाऊन बघावं असं त्यांच्या मनात आलं, पण गेलो तर डाव आपण मोडला असं होईल. त्यांनी कप दुसरीकडे सरकवला. वहिनी घरी नव्हत्या, बाजारात गेल्या होत्या.

काका आले. दार उघडलं. पाणी घोट्यापर्यंत.

आणि काकांचा चेहरा खुलला. "शाबास!" ते म्हणाले.

मोठी चूक कुणालाही दिसते. खरा पारखी आधी बारीक शोधतो. काका पाण्यात उभे राहिले आणि नजर डावीकडून उजवीकडे फिरवू लागले. घड्याळ पुढे. सापडलं. चप्पल आज फ्रीजमध्ये नव्हती, गादीखाली होती. सापडली. कडीला शर्ट, बटण चुकलेलं. सापडलं. आता नळाकडे वळावं, एवढ्यात खालून 'धप्प' असा आवाज आला, आणि त्यामागून पोस्टमास्तरांची किंकाळी.

काका नळ बंद करून धावले, तर जिन्यात मुलगी उभी होती. हातात बॅग. पाणी एकेक पायरी उतरत तिला आणायला खाली आलं होतं.

पोस्टमास्तरांच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. ओट्यावर गिलाव्याचा परातीएवढा तुकडा पडला होता आणि पोस्टमास्तरांच्या टकलावर चुन्याची पांढरी भुकटी होती.

"कुणी केलं हे?" ते म्हणाले. "मी फक्त चप्पल ठेवली!"

"कसली चप्पल?" मुलीने विचारलं.

मग तिला सगळं सांगावं लागलं. ती ऐकत गेली, तसा तिचा चेहरा उतरत गेला. सगळं झाल्यावर तिने वडिलांना एकच विचारलं. "बाबा, नळ तुम्ही उघडा ठेवलात का?"

"छे!" काका म्हणाले. "पाणीच नव्हतं."

वहिनी बाजारातून नुकत्याच आल्या होत्या, पिशवी अजून हातातच होती. त्यांनी छत बघितलं, काकांना बघितलं, मुलीला बघितलं.

"नळ मी सोडला," वहिनी म्हणाल्या.

"तू?" पोस्टमास्तर उडालेच. "स्वतःच्या स्वयंपाकघरावर? अगं, तू तर बाजारात होतीस!"

"जायच्या आधी सोडला. तुम्हाला काय करायचंय? जा, ती भुकटी झटका आधी."

"वेडबिड लागलंय का हिला?" पोस्टमास्तर सगळ्यांना विचारत होते. काकांना मात्र वाईट वाटलं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, चोर बाटली एवढी मोठी सोडत नाहीत हो."

"चुकलं, भावजी," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी लवकर उठली. ती स्वयंपाकघरात चहा ठेवून उभी होती. तिथून बाहेरची खोली सगळी दिसते. काकांनी दाराच्या फटीतून आत आलेला पेपर उचलला. चालता चालता त्यातलं आतलं पान काढलं. त्याची घडी घातली, मग पुन्हा एक घडी. ते खिडकीपाशी असलेल्या खुर्चीवर ठेवलं. मग आपल्या जागी येऊन बसले, चष्मा लावला, पेपर उघडला.

"आलं!" ते म्हणाले. "बघ, आज पुन्हा पळवलं. मी वहिनींना किती वेळा सांगितलं, काहीतरी नवीन करा."

मुलगी चहा घेऊन बाहेर आली.

"बाबा, त्या केव्हा आल्या होत्या?"

"आता येऊन गेल्या असतील. पाऊल हलकं आहे त्यांचं."

"दाराला आतून कडी आहे."

काका उठले. जाऊन पाहिलं. कडी होती. कडी त्यांनीच रात्री लावली होती, आणि किल्लीने ती बाहेरून उघडत नाही.

"आईला आतलं पान आधी लागायचं," मुलगी म्हणाली. "कोड्यासाठी. तुम्ही वैतागायचात, पण काढून ठेवायचात."

काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो काही बोलणार नव्हता. त्याने त्याचं काम केलं होतं, वर्षानुवर्षं जसं केलं तसं, कुणाला न विचारता. काका खुर्चीपाशी गेले, बसले मात्र नाहीत, आणि उभ्या उभ्याच मागे हिशोब जुळवत गेले. पान आपण ठेवलं. वहिनींनी सांगितलं त्यांनी ठेवलं. म्हणजे वहिनी खोटं बोलल्या. म्हणजे काल बाजारातून येऊन त्या...

"नळसुद्धा मीच," ते म्हणाले.

मुलीने चहाचा कप त्यांच्यापुढे धरला.

"आणि मी त्यांना शिकवत होतो, चोर बाटली केवढी असावी." काकांनी चष्मा काढला. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं. वर्षभर जागरण करून आल्यासारखं. "तू म्हणतेस तेच बरोबर. मी येतो तुझ्याकडे. कपडे काय, पोपटी शर्ट तेवढा आहे. अर्ध्या तासात निघू."

हेच ऐकायला मुलगी आली होती. तिने कप खाली ठेवला. खिडकीकडे पाहिलं. खुर्चीवरच्या पानाकडे बराच वेळ पाहिलं.

"आमच्याकडे पेपर येत नाही, बाबा," ती म्हणाली.

त्या दिवशी कुणी निघालं नाही. मुलीने प्लंबर बोलावला आणि घरात दाबून धरल्याशिवाय पाणी न देणारे, आपोआप बंद होणारे नळ बसवून घेतले. "असले नळ स्टेशनवरच्या मुतारीत बसवतात," प्लंबर म्हणाला. काकांनी ते ऐकून घेतलं. गॅसला वेळ लावायचं बटण आलं. चोर बाटल्या बंद झाल्या. पोस्टमास्तरांना ते फार लागलं, कारण त्यांच्या डोक्यात आणखी बऱ्याच होत्या. पानाचं काय करायचं यावर मात्र कुणी काही सुचवलं नाही. प्राध्यापकांनीसुद्धा नाही. मुलगी जाताना म्हणाली, आणखी काही महिने बघू. कुलपाचं काही ठरलेलं नाही.

खालच्या छताला नवा गिलावा झालाय. रंग द्यायचा राहिलाय. गिलावा पुरता वाळल्याशिवाय देऊ नका असं गवंडी सांगून गेला. वहिनी रोज जिन्यात भेटतात. "काय भावजी, बरंय ना?" त्या विचारतात. "बरंय," काका म्हणतात, आणि जरा थांबतात. वहिनीही थांबतात. मग कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होते आणि दोघं आपापल्या दाराने आत जातात. पान तुम्ही ठेवत नव्हता आणि नळ तुम्ही सोडला नव्हता, हे मला कळलंय, एवढंच त्यांना सांगायचं आहे. ते अजून सांगून झालेलं नाही.